शिट्टीचा एक्स-रे

५ ऑगस्ट, सोमवार

वॉर्डात एका शाळेतले पीटीचे सर दाखल झाले. मुलांना उलटं धावून दाखवताना पाय अडकून पडले आणि तोंडातली शिट्टी गिळून बसले. एक्स-रेवर तिची कडीसुद्धा ओळखू येते. दुर्बिणीने काढली. अन्ननलिकेला ओरखडा, म्हणून आठवडाभर मुक्काम.

एक्स-रे पोस्ट केला. ज्या अकाउंटवर माझं खरं नाव नाही, त्यावर. रुग्णाचं नाव, वय, नंबर, तारीख, सगळ्यावर काळ्या पट्ट्या. मजकूर: ‘अन्ननलिकेत अडथळा. पंचानेच खेळ थांबवला.’ दुसरं वाक्य लोकांनी पहिलं वाचावं एवढ्यासाठी. हेतू शैक्षणिक.

६ ऑगस्ट

प्रतिसाद अपेक्षेपेक्षा बराच जास्त. रूममेटने विचारलं, सरांना विचारलंस का? ओळख पटतच नसेल तर विचारायचं कोणाला, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणे, अगं, या गावात शिट्टी गिळलेले पीटीचे सर आहेत तरी किती? तिला तांत्रिक बाजू कळत नाही.

दुपारी विभागप्रमुख मॅडमचं बोलावणं. शुक्रवारी सगळ्या बॅचेसपुढे ‘वैद्यकीय विद्यार्थी आणि सोशल मीडिया’ यावर मी बोलायचं आहे. मीच का, तर मी काटेकोर आहे. लगेच हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

पोस्ट आज काढणार.

नंतर: काढली नाही. घाईने काढली तर ती चुकीची होती असा अर्थ निघेल.

७ ऑगस्ट

भेटीच्या वेळी सरांच्या शाळेतली मुलं आली. आत आलीच नाहीत. खिडकीखाली एकाने शिट्टी वाजवली, मग सगळ्यांनी. मोबाइलवर माझी पोस्ट होती, ती एकमेकांना दाखवत होती. सरांच्या बायकोने धाडकन खिडकी लावली. म्हणाल्या, इतकी वर्षं यांच्या शिट्टीवर पळाली ती कार्टी, आता यांनाच नाचवतायत. आणि ज्याने कोणी हा फोटो टाकला त्याच्या हाताला... पुढचं लिहीत नाही.

संध्याकाळी सरांनी मुख्याध्यापकांना फोन केला. मैदान नको, ग्रंथालयात टेबल द्या म्हणाले.

मी ड्रिपचा वेग तपासला. बरोबर होता. पुन्हा तपासला.

८ ऑगस्ट

भाषणाच्या स्लाइड्स तयार. स्वच्छ झाल्या आहेत.

सरांनी जवळ बोलावलं. ताई, तुम्हा लोकांना फोनमधलं कळतं, कोणी टाकलंय ते जरा बघता का? बघते म्हणाले. हे खोटं नाही. मी ती पोस्ट दिवसातून अनेकदा बघते.

मग ते मैदानावरच्या गोष्टी सांगत बसले. कोणी कोणाला पाय घातला की ते लगेच शिट्टी वाजवत नाहीत म्हणे. जरा थांबतात. पोरगं आपणहून हात वर करतं का ते बघतात. बहुतेक पोरं करतात. केला की त्याला खेळात ठेवतात. हे सांगताना माझ्याकडेच बघत होते. फार बोललं की घशाला ताण पडतो, असं त्यांना समजावून मी निघाले.

निर्णय: उद्या आधी भाषण, मग पोस्ट काढणं, मग सरांना सांगणं. याच क्रमाने. भाषण चांगलं झालं तर माफीला वजन येईल.

९ ऑगस्ट, शुक्रवार

भाषण चांगलं झालं. माझी शेवटची स्लाइड होती, ‘नाव झाकलं की ओळख झाकली’. टाळ्या पडल्या.

मग मॅडम उठल्या आणि त्यांनी आपली एक स्लाइड लावली. माझी पोस्ट. अकाउंटच्या नावावर काळी पट्टी, अगदी सरळ, कडेला कड जुळवलेली. मला इतकी नीट जमली नव्हती. मॅडम म्हणाल्या, विद्यार्थ्याची ओळख उघड होणार नाही याची पूर्ण काळजी घेतली आहे. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच शिट्टी मारली.

पोस्ट तिथेच, माइकसमोर उभी राहून काढली.

९ ऑगस्ट, संध्याकाळ

वॉर्डात गेले. माफीचे मुद्दे क्रमाने ठरवले होते. पहिल्याच मुद्द्याला सरांनी थांबवलं. विचारलं, शिट्टी झाली का? मी म्हणाले, हो, आज सकाळी, सभागृहात. ते म्हणाले, मग आता हात वर करून काय उपयोग, ताई. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यांच्या बायकोने या वेळी इतकंच सांगितलं, की ग्रंथालयातलं टेबल मिळालं आहे.

मी ड्रिपचा वेग तपासायला हात वर केला. ड्रिप सकाळीच काढली होती.