आधीची सही

प्रिय ठमे,

प्रयोगशाळेत तुला सगळे मॅडम म्हणत असतील, मला काही ते जमणार नाही. बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ते स्वतःच कुरकुरतात.

हॉस्पिटलात मला चादरींच्या खोलीत टाकलं होतं, आठवतं ना? शस्त्रक्रियेची उपकरणं ज्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायचे, ते त्या दिवशी नीट तापलंच नव्हतं. पुरेसं तापलं की आतल्या पट्टीचा रंग बदलतो, तो बदलला नव्हता. व्यवस्थापक म्हणाले, "बाई, सही करा, डॉक्टर खोळंबलेत." मी म्हटलं, "पुन्हा लावते, तासभर थांबा." दुसऱ्याच दिवशी माझी रवानगी चादरींच्या घड्या घालायला. आठ महिने! येताजाता कुणीतरी विचारायचं, "काय हो, चादरीचा ताप मोजलात का?" मीही हसायचे आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालायचे. कामाआधी हात जोडायची सवय सोडली नाही. देवाकडे जुनी जागा मागितली नाही. मान ताठ राहू दे आणि जीभ कडू होऊ देऊ नकोस, एवढंच मागितलं. पुढे नव्या मेट्रनबाईंनी जुन्या नोंदी वाचल्या आणि त्या स्वतः मला बोलवायला आल्या. शाळेत मैत्रिणींना तू हे किती रंगवून सांगायचीस!

त्याआधीचं मात्र तुला कधी सांगितलं नाही. तू दोन वर्षांची होतीस, माझी नोकरी नवी होती. पट्टीचा रंग तसाच राहिला होता, आणि मी घाबरून सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे उभी राहिले तर हात जुळेचनात. तशीच तडक डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते सगळ्यांदेखत मला वाट्टेल ते बोलले. मग डॉक्टर धावत, त्या उपकरणांनी शस्त्रक्रिया झालेल्या बाईंच्या खाटेकडे गेले. जखम चिघळायला लागली होती. वेळेवर औषध मिळालं, बाई बऱ्या झाल्या. माझ्या ज्या ताठ मानेचं तुला एवढं कौतुक, ती मला त्या दिवशी बोलणी खाताना मिळाली.

काल फोनवर तू रडत म्हणालीस, "आई, पाणी न तपासताच मी अहवालावर सही केली. तुझी मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटते." आणि फोन ठेवलास. समोर बसून मला हे बोलता आलं नसतं, म्हणून पहाटेच्या गाडीत लिहितेय, अक्षर हललंय. उतरले की तुझ्या हातात देईन. वाच, तोंड धू आणि साहेबांकडे चल. मी दाराबाहेर थांबेन. आत मात्र तू एकटीने जायचंस. तुला जमेल, मला ठाऊक आहे.

तुझीच,
आई