घड्याळजींची कक्षा

३ मार्च

चि. सुतळीस अ. उ. आ.

तू लघुग्रहांची वर्गवारी करतेस, असं मी गिऱ्हाइकांना ऐटीत सांगते. म्हणजे काय करते, असं कुणी विचारलं की माझी गाडी अडते. तेव्हा नीट समजावून लिही.

दुसरी बातमी. माझ्या शिवणाच्या दुकानासमोरच्या घड्याळजींनी मला लग्नाचं विचारलंय. हसू नकोस. मी कोटाला काजं करत होते, ऐकून बोटात सुई घुसली. सतरा तारखेला, रविवारी, उत्तर द्यायचंय. माणूस सरळ आहे, पण इतकं कमी बोलतो की तुझा बाबा म्हणतो, आत काही नसेलच. मला तीच धास्ती आहे. माझं एकटीचं छान चाललंय गं. पोकळ माणसासाठी ते कशाला मोडू? तुला दगड पारखता येतात, तर हेही सांग.

माया आहेच, पत्र लवकर धाड.
तुझी आत्या

७ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हसले, मग थोडी रडलेही. आता ऐक. लघुग्रहाला आम्ही दोनच प्रश्न विचारतो: तू कशाचा आणि फिरतोस कुठे? त्याच्यावरून परतलेल्या उन्हाचे रंग तपासले की कळतं, हा कोळशासारखा काळा कार्बनवाला, हा खडकाळ, हा लोखंडाचा. कक्षेचं म्हणशील, तर बहुतेक जण मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात असतात. काही पृथ्वीची वाट ओलांडतात. आणि काही गुरूच्याच वाटेवर, त्याच्या पुढे किंवा मागे अंतर राखून चालतात. त्यांना ट्रोजन म्हणतात.

गेल्या महिन्यात मी एक मिणमिणता ठिपका लहान म्हणून नोंदवला. तो निघाला भलामोठा, फक्त काळा. काळा दगड उजेड परत देत नाही, ऊन पिऊन बसतो. त्याची ऊब मोजली तेव्हा खरा आकार कळला. आमच्या वेधशाळेतल्या बाई दिवसभर मला चिडवत होत्या. बाबांनी तीच चूक केलीय. तू ऊब मोज, आणि ते जातात कुठे तेही बघ.

लोभ आहे तसाच राहू दे, वाढला तरी चालेल.
तुझी सुतळी

१२ मार्च

चि. सुतळीस अ. उ. आ.

बंद पडलेलं गजराचं घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात जाऊन बसले. एक आजी आल्या. दर आठवड्याला धडधाकट घड्याळ आणतात आणि बिघडलंय म्हणतात. घड्याळजी ते उघडतात, फुंकर मारतात, आणि आजींच्या सुनेविरुद्धच्या सगळ्या कागाळ्या शेवटपर्यंत ऐकून घेतात. आजी हसत घरी जातात. ऊब मोजून झाली.

मग कक्षा. सरळच विचारलं, की तुमचं घर बाजाराकडे, मग दुकान बंद करून रोज माझ्या गल्लीत कसे? कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, गल्लीतला दिवा गेल्यापासून तुम्ही दारात पोचेपर्यंत मी मागून येतो, तुम्हाला अवघडायला नको म्हणून अंतर राखून. तुझा ट्रोजन गं! आता तुलाच सांगते, मला ते ठाऊक होतं. मी मुद्दाम हळू चालायचे.

रविवारपर्यंत कोण थांबतंय? मी तिथेच सांगून टाकलं, की मागून येणं पुरे झालं, आजपासून शेजारून चालायचं. काल त्यांच्या लग्नाच्या कोटाची मापं घेतली. तुझ्या बाबाला कळव, मी अंदाजाने आणलेलं कापड कमी पडलं, माणूस दिसतो त्याहून मोठा निघाला.

दुर्बिणीला चार दिवस झाकण घाल आणि निघून ये. आशीर्वाद आता दोघांचे.
तुझी आत्या