गुलाबांसाठी राखून ठेवलेलं पाणी

१२ मार्च १९८३, शनिवार

आजपासून नियमित रोजनिशी. पुढे लातूरला गेल्यावर अहमदपूरचे दिवस आठवायला काहीतरी हाताशी पाहिजे. नाहीतर आठवण्यासारखं इथं काही नाही.

लातूर जिल्हा होऊन सात महिने होतील. तिथं नवं कलेक्टर ऑफिस, नव्या खुर्च्या, नवी पदं. अन् मी इथं पंचायत समितीत येणारं टपाल नोंदवत बसलोय, डिंकाच्या वासात, एकोणीस वर्षं. किळस आली.

एक मे रोजी लातूरला जिल्ह्याचं पहिलं पुष्पप्रदर्शन आहे. मोठे साहेब लोक येणार. नंबर आला की नाव होतं, नाव झालं की ट्रान्सफर होते. म्हणून काल रजा टाकून नांदेडला गेलो आणि नर्सरीतून गुलाबाची सात कलमं आणली. बसमध्ये शेजारच्याने खिडकीबाहेर पानाची पिंक टाकली. वाऱ्याने अर्धी आत आली, ती थेट तिसऱ्या कलमावर. शी.

मराठवाड्याचे जिल्हेही आता सात. कलमांना तीच नावं दिली. औरंगाबाद, जालना, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि लातूर. सगळ्यात तरतरीत आहे तो लातूर.

१३ मार्च, रविवार, सकाळ

लागवड झाली. अंगणात सगळा मुरूम. कुदळीने दोनदा ठिणगी उडाली. सिंधुने, म्हणजे आमच्या मंडळींनी, कौतुक केलं नाही. म्हणाली, "अवो, नळ चार दिवसाला येऊन राहिला. ह्यांना पाणी कुठलं घालणार?" मी म्हणालो, नियोजन केलं आहे. काय नियोजन, ते तिने विचारलं नाही, ते बरं झालं.

संकल्प: १) पहाटे पाचला उठून पाणी. २) रोज पानांचं निरीक्षण. ३) चिडायचं नाही.

१४ मार्च

साडेसातला उठलो. पंखा बंद होता त्यामुळे रात्रभर झोप लागली नव्हती, म्हणून पहाटे झोप लागली.

२० मार्च, रविवार

पानं गळताहेत. नवी जागा आहे, सेटल होताहेत. बदली झालेल्या माणसालाही पहिले पंधरा दिवस जेवण जात नाही.

शेजारच्या केवळाबाई कुडावरून डोकावल्या. सरकारी दवाखान्यात आया आहेत. विधवा बाई, एकटीने पोरीला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. ती पोरगी, शिवकन्या, बाळंतपणाला आली आहे. केवळाबाई म्हणाल्या, "साहेब, दिवस कलल्यावर पाणी देत जा. अन् बुडाशी पाचोळा टाका. भर दुपारी पाणी म्हंजे मुळ्या उकडून राहिलेत तुम्ही." मी हसून मान हलवली. त्यांच्या परसात चुका, शेपू अन् एक शेवगा. गुलाब म्हणजे काय शेपू आहे? मी ऑफिसातून जेवायला येतो तेव्हाच पाणी घालतो, कारण तहान तेव्हाच लागते. हे शास्त्र आहे.

२४ मार्च, गुरुवार

जालन्यावर मावा. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे चिकट किडे, एकावर एक, लोणच्यावर बुरशी धरावी तसे. बोटाने पुसले. बोट तीनदा धुतलं. जेवण गेलं नाही.

बियाण्याच्या दुकानातला मडिवाळप्पा म्हणाला, चिमूटभर तंबाखू भिजवा आणि ते पाणी शिंपडा. मी अर्धवट काम करत नाही. दोन पुडे आणले आणि दुधाच्या पातेल्यात चांगले उकळले.

२५ मार्च

मावा गेला. जालनाही गेला. पानं करपून काळी झाली. मडिवाळप्पाला प्रमाण नीट सांगता येत नाही, अन् हा माणूस शेतकऱ्यांना सल्ले देतो.

सकाळच्या चहाला तंबाखूचा वास. सिंधुने कप तसाच मोरीत ओतला आणि पातेलं अंगणात, माझ्यासमोर, राखेने अर्धा तास घासलं. एवढं पाणी लागतं का भांडी घासायला? दुष्काळ आहे. बोललो नाही. संकल्प क्रमांक तीन.

३१ मार्च, गुरुवार

ऊन भयंकर. ऑफिसातल्या खुर्चीचा पत्रा पाठीला भाजतो. टपालाचा गठ्ठा साठलाय, पण मन लागत नाही. साहेब म्हणाले, "शेषेराव, टेबलावर डोंगर झालाय." त्यांच्या भाषेला दर्जा नाही.

परभणीवर कोळ्याची बारीक जाळी दिसली. चांगली खूण. कोळी मावा खातो. जाळी मुद्दाम मोडली नाही.

४ एप्रिल

परभणी गेली. पानांच्या खाली तांबडी पूड दिसत होती. भिंगातून बघितलं तर पूड चालत होती! लाल कोळी. हा पानांचाच रस पितो. अंगावर काटा आला, आंघोळ करावीशी वाटली, तर बादलीत पाणी नाही. सिंधु म्हणाली, तिने आणलेल्या चार घागरींतल्या दोन सकाळीच संपल्या. कशा संपल्या ते मला माहीत आहे, पण विषय वाढवण्यात अर्थ नव्हता.

९ एप्रिल, शनिवार

सावली करायची ठरवलं. चार काठ्या रोवल्या. ट्रंकेत एक जुनं लुगडं सापडलं, ते बांधलं. झकास मांडव. गल्लीतले लोक थांबून बघत होते.

संध्याकाळ: ते जुनं नव्हतं. इरकल होतं. मुखेडला सासूबाईंनी मरायच्या आधी सिंधुला दिलेलं. मला कसं कळणार? ट्रंकेत तळाशी होतं, म्हणजे वापरात नाही असाच अर्थ होतो. सिंधुने काठ्यांवरून सोडलं. एका दिवसाच्या उन्हाने मधोमध फिकट पट्टा पडला होता. तिने घडी घातली आणि पाठ करून बसली. रडली असती तर समजूत घातली असती. नुसतं बसणाऱ्या माणसाला काय बोलणार?

१४ एप्रिल, गुरुवार

पाडवा आणि जयंती एकाच दिवशी. आमच्या दारात गुढी, केवळाबाईंच्या दारात निळा झेंडा. घर सारवून, चुना लावून लखलखीत. त्यांनी गव्हाची खीर पाठवली. मी दोन वाट्या खाल्ल्या. मी असलं काही मानत नाही. सरकारी माणूस आहे.

दरम्यान बीड शेळीने खाल्लं. मालकिणीला बोलायला गेलो, तर म्हणाली, "शेळीला काय कळतंय साहेब, हिरवं दिसलं." अख्खा जिल्हा एका घासात.

पण आनंदाची बातमी! लातूरला कळी. टाचणीच्या डोक्याएवढी. सिंधुला हाक मारली. ती आली, बघितली, आणि म्हणाली, "आता नळ बंद झालाय. नगरपालिकेची दवंडी ऐकली न्हाई का?"

१७ एप्रिल, रविवार

नळ बंद. टँकर येतो, एका घराला चार घागरी. रांगेत काय ती ढकलाढकली, काय त्या शिव्या. एका बाईच्या कोपराने माझ्या चष्म्याची काडी वाकली. शिसारी आली. उद्यापासून सिंधु जाईल. बायकांच्या रांगेत बाईच बरी.

औरंगाबादला वाळवी लागली. उपटलं तर मुळाऐवजी माती हातात आली, पांढरी, वळवळणारी. नांदेड आणि उस्मानाबाद उभे आहेत, पण बोलत नाहीत, असं म्हणावं लागेल. सगळी शक्ती लातूरवर लावायची. तरी हे आधीच करायला हवं होतं. सात ठिकाणी लक्ष गेलं तर कुठलाच कारभार धड होत नाही.

२३ एप्रिल, शनिवार, दुपारी चार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. पुढे कोणी वेडंवाकडं बोललं तर निदान माझ्याकडे नोंद राहील.

टँकर दोन दिवस आला नाही. मी दूरदृष्टीने दोन घागरी न्हाणीघरात गोणपाटाखाली राखून ठेवल्या होत्या. कळी आता सुपारीएवढी झाली आहे. दीड वाजता केवळाबाई दारात आल्या. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. शिवकन्या पहाटे बाळंत झाली, दवाखान्यातून आताच घरी आणली. दवाखान्यातही पाणी नव्हतं. म्हणाल्या, "साहेब, एक घागर असंल तर द्या. लेकरू अजून पुसलं न्हाई नीट. संध्याकाळी विहिरीवरनं आणून परत देते."

मी म्हणालो, घरात पाणी नाही.

हे खोटं नव्हतं. घरात वापरायचं पाणी खरंच नव्हतं. ते पाणी गुलाबांचं होतं, ते वेगळं.

केवळाबाई बरं म्हणाल्या आणि वळल्या. आणि मागे सिंधु उभी होती. ती सरळ न्हाणीत गेली, गोणपाट ओढलं, एक घागर कमरेवर घेतली आणि केवळाबाईंच्या मागे चालू लागली. दुसरीसाठी ती परत येणार हे मी ओळखलं. म्हणून घाईने ती घागर उचलली आणि लातूरच्या बुडाशी ओतली. भर दुपारी, रणरणत्या उन्हात. मातीतून वाफ निघाली.

सिंधु फाटकात उभी राहून बघत होती. केवळाबाईही त्यांच्या दारातून. अख्खी गल्ली, खरं तर.

सिंधु म्हणाली, "ह्या बाईच्या माणसांना पाणी न्हाई म्हणलेलं आजवर कमी झालंय का? आता तुमच्या तोंडून बी ऐकायचं ऱ्हायलं होतं." मी म्हणालो, भलता अर्थ काढू नको. मी जातपात मानत नाही. गुलाबाच्या बाबतीत मी कोणालाही नाहीच म्हटलं असतं.

तिने माझ्याकडे बघितलं. मावा बघताना मी बघतो तसं.

२४ एप्रिल, रविवार

सिंधु काल रात्री इथं जेवली नाही. बाळंतिणीला शेक, लेकराची आंघोळ, स्वयंपाक, सगळं तिकडेच. सकाळी येऊन तिने माझ्यासाठी दोन भाकरी ठेवल्या. ठेवल्या, वाढल्या नाहीत.

लातूरचं पान अन् पान मान टाकून आहे. कळी मात्र टिकली आहे. थोडी वाकली, पण गुलाब नम्रच असतो.

२८ एप्रिल, गुरुवार

सिंधु अजून तिकडेच, म्हणून स्वतः स्वयंपाक केला. भात करपला. वरणात पाल पडली नाही एवढंच. टँकरला रांगेत उभा राहिलो तर बायकांनी जागा दिली नाही. जागा दिली नाही म्हणजे ढकललं नाही, नुसतं पुढच्या बाईने मागच्या बाईशी बोलत माझ्यामधून घागर नेली. मी तिथं नसल्यासारखं. भंगार माणसं.

कळी उघडतेय! लाल. परवा तोडायची आणि ओल्या फडक्यात घालून न्यायची.

१ मे, रविवार, लातूर बसस्थानक, सायंकाळी पाच

सकाळी सातच्या एस.टी.ने निघालो. इस्त्रीचा शर्ट. फूल ओल्या रुमालात. चाकूरला रुमाल वाळला. एका म्हाताऱ्याने त्याच्या बाटलीतलं दोन घोट पाणी त्यावर ओतलं, स्वतःहून. म्हणाला, "कुणाला नेऊन राहिले, बायकोला?" मी म्हणालो, कलेक्टरला. तो पुढचा सगळा रस्ता माझ्याकडे बघत होता.

मैदानात मांडव नाही. खुर्च्या नाहीत. एक चौकीदार लिंबाखाली बसलेला. म्हणाला, "प्रदर्शन रद्द झालंय की, साहेब. टंचाई हाय. झाडाफुलांना पाणी वाया घालू नये असा कलेक्टरसाहेबांचा कागद निघालाय. सगळ्या ऑफिसांना गेलाय, पंधरा दिवस झाले." मी विचारलं, अहमदपूर पंचायत समितीलाही? तो म्हणाला, "सगळ्या म्हणलं की." मग त्याने विचारलं, साहेब तुम्ही कुठल्या खात्यात?

मी म्हणालो, शेतीखात्यात.

फुलाच्या पाकळ्या रुमालातच सुटल्या. आत एक बारीक अळी निघाली. किती दिवस आत बसून खात होती कोण जाणे.

२ मे, सोमवार

टेबलावरचा डोंगर उपसला. कागद सापडला. पंधरा एप्रिलचा. वरून तिसरा. टपालाची व्यवस्थाच चुकीची आहे, महत्त्वाचं पत्र वेगळ्या रंगाच्या पाकिटात पाहिजे. साहेबांनी मेमो दिला. त्यात माझं नाव चुकीचं लिहिलंय, शेषराव. त्याविरुद्ध अर्ज करावा असं वाटलं. केला नाही.

घरी आल्यावर ट्रंकेतलं इरकल काढून फिकट पट्टा बघितला. हळदीच्या पाण्याने रंग चढेल का, हे विचारायला कोणी नव्हतं.

५ मे, गुरुवार

टँकर आला नाही. सकाळी माळावरच्या विहिरीवर गेलो. एवढं लांब आहे हे माहीत नव्हतं. सिंधु ह्या वाटेने रोज दोनदा जाते, असं तिथल्या एका बाईने सांगितलं. पाणी इतकं खोल की दोर हाताला कापतो. दोन घागरी भरल्या. वाटेत तीनदा खाली ठेवल्या. एक थोडी सांडली.

केवळाबाईंच्या दारात ठेवल्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. सिंधुचा होता. लेकरू शिंकलं की कायसं, त्यावर तिघी हसत होत्या. सिंधु एवढ्या मोठ्याने हसते?

केवळाबाई बाहेर आल्या. घागरी बघितल्या, माझ्या हाताकडे बघितलं. म्हणाल्या, "ठेवा तिथंच. सिंधुताईंना सांगते."

मी थोडा वेळ उभा राहिलो. आत या असं काही त्या म्हणाल्या नाहीत. लेकरू झोपवायचं असेल, म्हणून.

मग घरी आलो.