मीटिंगपुरते माग बंद

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मीटिंगमध्ये बोलायचंच. हैदराबादच्या कंपनीत लागून पाच महिने झाले, काम वडगावातून, घरूनच. अजून तिथं कुणी माझा आवाज ऐकलेला नाही. भिंतीपलीकडं आप्पांचा माग. त्या खडखडाटात म्यूट काढणं बरं दिसत नाही. दुसरं काही कारण नाही.
शुक्रवारी औषध बनवायचा माझा मार्ग मांडायचाय. पसंत पडला तर लॅबमध्ये करून बघतील, मला कायम करतील. नाहीतर महिनाअखेर घरी. तशी घरीच आहे म्हणा.

४ फेब्रुवारी
आप्पांना काम समजावलं. सॉफ्टवेअरला हवं ते औषध सांगायचं. ते त्याचा रेणू मागं मागं तोडत नेतं, बाजारात मिळणाऱ्या साध्या रसायनांपर्यंत. असे शेकडो मार्ग. त्यातला जमण्याजोगा मी निवडते. आप्पा म्हणाले, म्हंजे लुगडं उसवत सुतापतोर जायचं? हितं विणून पोट भरंना आणि तुला उसवायचा पगार व्हय गं? आई लई हसली. मीही हसले. मग मार्ग पुन्हा तपासला.
टीममधल्या रचनाला मेसेज केला, एकदा बघशील का? तिनं अंगठा पाठवला. मैत्री होतेय.

५ फेब्रुवारी
अंगठा म्हणजे बघते की बघितलं? विचारणं बरं दिसत नाही.
तिसरी पायरी बदलली. आता निर्दोष. सॉफ्टवेअरशी माझं चांगलं जमतं. माणसांची तशी गरज भासत नाही.

६ फेब्रुवारी
आईला म्हटलं, मागामुळं उद्याही बोलता येईलसं वाटत नाही. सांगून हलकं वाटलं. आप्पा म्हणाले, एवढंच न्हवं? तासभर बंद ठेवतो की. शेजारच्या मालुबाई आत्तीनं ऐकलं आणि गल्लीभर फिरली: पोरगी हैद्राबादला बोलणार हाय, अकराला कुणी माग लावला तर बघा!
नको म्हणायला गेले. कुणी ऐकलं नाही.

७ फेब्रुवारी, दुपारी
अकराला सगळी गल्ली गप्प. एवढी गप्प मी कधी ऐकली नव्हती. म्यूट काढला. गुड मॉर्निंग सर म्हटलं. टीमचे प्रमुख नागेंद्र सर म्हणाले, अरे, या औषधाचं काम क्लायंटनं कालच थांबवलं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? बाकी एचआर कळवेल. तुम्ही निघालात तरी चालेल.
निघाले. पाच मिनिटंही झाली नव्हती.
बाहेर सगळे माग थांबलेले. दार उघडून काय सांगणार? बंद स्क्रीनला पहिल्या पायरीपासून मार्ग समजावला. इंग्रजी चांगलं झालं. मध्ये कुणी अडवलं नाही. तिसऱ्या पायरीवर एक शंका निघाली, मीच काढली. उत्तर समाधानकारक दिलं.
बाराला आप्पांनी दार किलकिलं केलं. हळूच म्हणाले, लावू का गं माग?
हातानंच थांबा म्हटलं. प्रश्नोत्तरं राहिली होती.