पणजोबांचं कडं

शुक्रवार, संध्याकाळ

अखेर धागा सापडला! पणजोबांनी कुस्तीत चांदीचं कडं मिळवलं, ही बातमी आमच्या मंगळवेढ्याच्या वाचनालयात मला कधीच सापडली नाही. बाबा तर म्हणायचे, “कडं बाजारातलं असंल.” तरी मी उद्या पुन्हा तिथंच जाणार होते. आज आत्या हसली. “अगं, सुगी झाली की आपली माणसं मेंढरं घेऊन अक्कलकोटाकडं जायची. जत्रंतली कुस्ती तितलीच की!”

इतकी वर्षं मी गावच धरून बसले! मेंढरं कुठं होती, हे विचारायचं सुचलं कसं नाही? बेत बदलला. उद्या अक्कलकोटचं वाचनालय, जत्रेच्या दिवसांतली जुनी वर्तमानपत्रं.

बाबांना सांगितलं. आत्ता बघते तर राखेनं कडं घासतायत.

“मी बी येतो. तितं दाखवाय लागंल की.”