आठ गोळ्यांची परेड

२ नोव्हेंबर, सकाळी ७
डायरी सुरू. सूनबाई क्रांती माझ्या पोटाचा रिपोर्ट वहीत लिहिते. शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे सगळं लाल पेनानं. एकतर्फी रिपोर्ट चालणार नाही. माझाही असावा.

ऑपरेशनला अकरा आठवडे झाले. स्वादुपिंडाचा पुढचा भाग काढला, पित्ताची पिशवी काढली, आतड्याचा तुकडा काढला आणि उरलेलं एकमेकांना जोडलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आमच्या गावातली नळजोडणी बरी म्हणायची.

२८ तारखेला तपासणी. वजन ५० भरलं तर मानसिंग मला कराडातून गावी म्हसवडला नेऊन सोडणार, सिद्धनाथाच्या रथाला. पोरानं शब्द दिलाय. ४५ च्या खाली गेलं तर नाकातून नळी. नळीचा प्रश्नच नाही. आज ४७.६. पन्नास म्हणजे किरकोळ काम.

४ नोव्हेंबर
औषधाची शिस्त. पोटात आता पचनाचा रस पुरेसा होत नाही, म्हणून रोज आठ कॅप्सूल. त्या मी सकाळी सहाला आठही एकदम घेतो, ताठ उभा राहून. दिवसभर काळजी नाही. आसामात मलेरियाची गोळी अशीच परेडला घ्यायचो, सुभेदारसाहेब तोंड उघडायला लावून बघायचे. सतरा वर्षं एकशेवीस जवानांचा लंगर चालवला मी. मला कोण पचन शिकवणार? माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं नाही. दोघांचं बिघडलं होतं, ते वेगळं.

सकाळी सहाला क्रांती आंघोळीला असते. रात्री झोपण्याआधी कॅप्सूल मोजते. बरोबर आठ कमी. ती खूश, मी खूश.

६ नोव्हेंबर
संडास: तीन वेळा. तुपकट. तरंगतं. चार वेळा फ्लश केलं तरी जागा सोडत नाही. क्रांती दाराबाहेरून म्हणाली, नाना, रंग सांगा, लिहायचाय. मी सांगितलं, ही बाब गुप्त आहे.

दोष कराडच्या पाण्याचा. कृष्णा वेगळी, कोयना वेगळी, दोन नद्या एका पोटात कशा नांदतील? आमच्या माण तालुक्यातलं विहिरीचं पाणी जड, पण दगड पचवतं. घरात सांगितलं. आमची मंडळी, रंगूबाई, म्हणाली, आवं, तीस वर्षं त्याच पाण्याला शिव्या देत हुता की.

९ नोव्हेंबर
वजन ४७.१. काटा खराब आहे. भिंतीकडे सरकवल्यावर ४७.३ आलं. तेच खरं धरलं.

ठराव: ताकद यायला रोज दोन चमचे तूप जास्त, कुणाला न सांगता.

१० नोव्हेंबर
तुपाचा ठराव मागे घेतला. कारण लिहीत नाही.

१३ नोव्हेंबर
भाऊसो हवालदार आला होता. माझ्याच पलटणीतला, दोन गल्ल्या सोडून राहतो. म्हणाला, कोंडीबा, गड्या, लय वाळलास रं, तुझ्या पँटीत आता दोन रिक्रूट मावत्याल. मी म्हणालो, याला फिटनेस म्हणतात. रविवारी मटणाला बोलावलंय. क्रांतीच्या यादीत मटण नाही. यादी तिची आहे, पोट माझं आहे.

१७ नोव्हेंबर, दुपारी
घरी सांगितलं, बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो. रंगूबाई म्हणाली, आवं, आज रइवार हाय. मी म्हणालो, हयात माणसाला रविवार नसतो. निघालो.

रस्सा फर्स्ट क्लास. चार फोडी, दीड भाकरी. बाकीचा दिवस भाऊसोच्या संडासात गेला. त्याची बायको विजयमाला दोनदा विचारून गेली, भाऊजी, हायसा न्हवं? एका परीनं दाखला मिळाला.

मसाल्यात तिखट जास्त होतं.

२० नोव्हेंबर
४६.५. क्रांतीनं दवाखान्यात फोन केला. ती म्हणाली, औषध वेळच्या वेळी संपतंय, तरी अंगी लागत नाही. डॉक्टरांनी दहा कॅप्सूल करायला सांगितल्या. उत्तम. सकाळी सहाला दहा घेतल्या. परेड जरा लांबली.

मानसिंग बायकोला हळू आवाजात म्हणत होता, दुखणं परत आलं नसंल ना गं. मला ऐकू आलं. मला काही झालेलं नाही. मी मुद्दाम मोठ्यानं खाकरलो.

२४ नोव्हेंबर
४६.१. पोटात बँड वाजतो. भूक नाही. पायऱ्या चढताना मधे थांबून भिंतीचा रंग बघावा लागतो. रंग चांगला आहे.

२८ साठी बंदोबस्त केला आहे. थंडी पडली आहेच, मिलिटरीचा जुना ओव्हरकोट घालणार. आतल्या खिशात पाट्यावरचा वरवंटा बरोबर बसतो.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी
सिस्टरला कोट काढून हवा होता. मी म्हणालो, फौजी माणूस बाहेर कोट काढत नाही. तिनं स्वतःच बाही धरली. वरवंटा फरशीवर पडला. शेजारच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. रंगूबाई म्हणाली, अगं बया, मी चार दीस चटणी वाटायची थांबलीया!

४५.७.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. दुखणं परत आलेलं नाही, जोड पक्के आहेत. मानसिंग खुर्चीतच वाकला, बराच वेळ डोळे पुसत होता. मग डॉक्टरांनी विचारलं, नाना, कॅप्सूल कशा घेता? मी उठलो, टाचा जुळवल्या आणि सगळी परेड सांगितली.

क्रांतीच्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं.

डॉक्टर म्हणाले, लंगरात दिवसभराचं मीठ सकाळी सहाला जवानांच्या तोंडात टाकून मग तिन्ही वेळ अळणी वाढत होता का? कॅप्सूल घासाबरोबर. अन्न पोटात गेलं की तिचं काम. रिकाम्या पोटी दहा घेतल्या काय, शंभर घेतल्या काय.

मी म्हणालो, हे चिठ्ठीवर लिहायला हवं होतं. क्रांतीनं चिठ्ठी पुढे केली. लिहिलेलं होतं. अक्षर बारीक होतं.

गावी जायचं तीन महिन्यांनी बघू म्हणाले.

२ डिसेंबर
आज रथ. रंगूबाई आणि मानसिंग पहाटेच म्हसवडला गेले. क्रांती माझ्यासाठी रजा टाकून घरी. दुपारी पहिल्या घासाबरोबर एक कॅप्सूल, अर्ध्या जेवणात एक. ती समोर बसून बघत होती. सुभेदारसाहेब परवडले. जेवण चार दिवस असंच चाललंय. याचा काही उपयोग होईल असं मला वाटत नाही.

दुपारी ४
भूक लागली. खरी, पोट ओढणारी. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मागितलं तर ती जिंकली. मागायचं नाही. ठराव.

४.१०
ठराव कायम.

४.२५
स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, भाकरी आहे का, सहज विचारतोय. क्रांतीनं डबा उघडला. भाकरी वाढली, शेजारी एक कॅप्सूल ठेवली आणि पाठ फिरवून उगाच ओटा पुसत राहिली.

दोन्ही खाल्लं. आणखी अर्धी मागितली.