ताईचा एक अंश जास्त

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुझं पत्र आणि महिन्याभराचे आकडे मिळाले. माझ्या वर्गाला मोजमापातल्या चुका शिकवायच्या म्हणून मी सहज सुचवलं, आणि तू नि भावोजींनी खरंच रोज सकाळी व्हरांड्यातल्या गोल तापमापकाचा काटा वाचून, एकमेकांना न दाखवता आकडे लिहिलेत. इतकं गुपित तुमच्या संसारात पहिल्यांदाच पाळलं गेलं असेल!

"चुकतात ते हेच, माझं बरोबर," असं तू ठणकावलं आहेस. तेच तपासायला बसलो.

दोघांच्या वाचनात फरक पडणारच. पण तो कधी इकडे, कधी तिकडे पडतो आणि सरासरी काढली की बराचसा निघून जातो. तुझा आकडा मात्र रोज काकणभर जास्तच, साधारण एका अंशाने. असा एकाच बाजूला झुकणारा फरक शंभरदा वाचूनही जात नाही. त्याला कारण असतं. तापमापक बिघडला म्हणावं, तर काटा दोघांना एकच. मला चेवच आला.

भावोजींना फोन केला, ताई उभी कुठे राहते? म्हणाले, "अरे, डावीकडे भिंतीला चिकटून, मान वाकडी करून बघते. समोरून बघ म्हटलं, तर म्हणते मला असंच नीट दिसतं."

कोडं सुटलं! काटा तबकडीपासून किंचित पुढे असतो. डावीकडून पाहिलं की तो उजवीकडच्या, म्हणजे पुढच्या आकड्यावर दिसतो. मी एकट्यानेच टाळी वाजवली.

मग भावोजींचं बोलणं पुन्हा आठवलं. समोरून नीट का दिसत नाही तुला?

गेल्या वेळी चहा कपाबाहेर ओतलास, मी थट्टा केली. सुईत दोरा ओवायला हल्ली भावोजी लागतात, वर तू म्हणतेस, "रिकामे बसतात म्हणून." शिवणकाम सुटेल या धास्तीने तू कुणाला सांगत नाहीस, असं मला वाटतं. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. तो चुकावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलोय. पण मला भीती वाटते, ताई.

उद्या काट्यासमोर सरळ उभी राहा. आधी एक डोळा झाक, मग दुसरा. दिसेल ते आणि दिसणार नाही तेही भावोजींना सांग. शनिवारी मी येतोय, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रागवायचंच असेल तर दवाखान्याच्या वाटेवर रागाव.

तुझ्या मांडीवर बसून घड्याळ वाचायला शिकलेला,
तुझा धाकटा